न गळणारा तलाव

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, नीट बसलेले मी फार कमी वेळा पाहिलेत. बसलेच तर टेकल्यासारखे, बस येईपर्यंत थांब्यावर टेकावं तसे. चहाचा कप हातात दिला की अर्ध्यात त्यांना कुठला तरी नळ आठवतो, नाहीतर कुरकुरणारी बिजागरी आठवते. मग कप खिडकीत आणि माणूस पसार. ताई म्हणायची, "यांचा अर्धा चहा मी जन्मभर मोरीत ओतत आले."

पाणीपुरवठा खात्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली. काम एकच, गळती शोधायची. पहाटे रस्ते शांत असताना एक लोखंडी काठी घेऊन निघायचं. काठीच्या वरच्या टोकाला लाकडाची वाटी. टोक झडपेवर किंवा रस्त्यावर टेकवायचं, वाटी कानाला लावायची आणि जमिनीखाली पाइप कुठे फुटलाय ते ऐकायचं. पुढे खात्यात यंत्रं आली, पण यंत्र गोंधळलं की बोलावणं यांनाच. खात्यात त्यांचं नाव पडलं होतं 'कान'. "कान काय म्हणतो?" असं साहेबलोकसुद्धा विचारायचे. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी सगळं सामान जमा केलं, फक्त ती काठी घरी आणली. चौतीस वर्षांतला त्यांचा हा एकमेव गैरव्यवहार.

गळतीशी त्यांचं वैरच होतं. आमच्याकडे आले की आधी स्वयंपाकघरात जाऊन नळ घट्ट पिळायचे आणि मग बाहेर येऊन "काय, कसं काय?" विचारायचे. माझी बायको वैतागायची. तिच्या हाताला मग तो नळ सुटायचा नाही.

माझं चष्म्याचं दुकान त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी आहे. दुपारी दोन तास ते बंद असतं आणि त्या दोन तासांत मी ताईकडे जातो. त्यामुळे पुढे जे घडलं ते मी रोज दोन तास, असं हप्त्याहप्त्यानं पाहिलं आहे. राहिलेलं ताईनं सांगितलं. भावोजींनी काहीच सांगितलं नाही.

ताईला झटका आला तेव्हा ती परसात कपडे वाळत घालत होती. डावा हात आणि डावा पाय गेला. बोलणं वाचलं, पण एकेक शब्द शोधून आणल्यासारखं संथ झालं. तीन आठवडे दवाखान्यात काढून ती घरी आली ती चाकाच्या खुर्चीतून. व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायला लागली. वयानं जेमतेम पंचविशीची, पण शिस्तीनं हेडमास्तरीण. पहिल्याच दिवशी तिनं भावोजींना बाजूला घेतलं.

"काका, पहिले सहा महिने सोन्याचे असतात. जे परत यायचं ते बहुतेक याच काळात येतं. नंतर येतं, पण रडतखडत. काकूंना पाण्यात चालवता आलं तर फार बरं. पाण्यात वजन जाणवत नाही आणि पडायची भीती नाही."

भावोजींनी त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून सहा महिने पुरे होणाऱ्या तारखेभोवती तांबडं वर्तुळ काढलं. ते कॅलेंडर ताईच्या पलंगाच्या सरळ समोर होतं, दर पानाबरोबर ते वर्तुळ जवळ येताना तिला दिसणार होतं. काढताना ते काही त्यांच्या लक्षात आलं नसणार.

गावातल्या सार्वजनिक तलावावर आम्ही ताईला एकदाच नेलं. तिथे पाण्यात उतरायला भिंतीला लावलेली लोखंडी शिडी होती, बस्स. मी, भावोजी, ती मुलगी आणि तलावाचा रखवालदार, अशा चौघांनी मिळून तिला खाली सोडलं. उतरताना निभावलं. वर काढताना तिचा डावा पाय शिडीत अडकला, गाऊन वर सरकला आणि काठावर पोहायला आलेली पंधरा-वीस माणसं बघत उभी राहिली. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मला कुणावर तरी ओरडता आलं असतं. गाडीत बसल्यावर ताई म्हणाली, "पोत्यासारखं... काढलंत मला." दारात उतरल्यावर भावोजी घरात न जाता तडक मागे परसात गेले. मी बघतो तर हे पावलं मोजत चालले होते.

"काय करताय?"

"तलाव करायचा. इथे. पायऱ्यांचा."

मी म्हटलं, डोक्याला ताप आहे, चार दिवसांत उतरेल. कसला उतरतोय.

दोन कंत्राटदार येऊन गेले. पहिला म्हणाला, "सगळं आमच्यावर सोडा, तुम्ही फक्त पोहायला या." जो माणूस दुसऱ्याच्या घरचा नळ दुसऱ्यावर सोडत नाही, त्याला हे सांगायचं म्हणजे काय! दुसऱ्यानं चहा घेता घेता विचारलं, "पायऱ्या कशाला? शिडी लावून देऊ की छान स्टीलची." भावोजींनी त्याच्या हातातला कप काढून घेतला. खरंच काढून घेतला, मी समोर होतो. त्या दिवसापासून ठेकेदार तेच, मुकादम तेच आणि मालकही तेच.

स्वतःच्या देखरेखीखाली काम करून घ्यायचं हे ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात ते तिघा-चौघांच्या दारात उभं राहायचं काम असतं. खोदणारा मशीनवाला म्हणे परवानगीचा कागद दाखवा. परवानगीवाले म्हणत नकाशा आणा. नकाशा भावोजींनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे स्वतः काढला होता, तो इतका अचूक की खिडकीतल्या माणसानं विचारलं, "कुणाकडून काढून घेतलात?" सळ्या बांधणारा म्हणे आधी खड्डा होऊ द्या, खड्डेवाला म्हणे सळ्यांची गाडी आधी आत घ्या, नंतर वाट राहणार नाही. भावोजी सकाळी सातला बाहेर पडायचे आणि दिवसभर या दारातून त्या दारात. घरात असले तरी अंगणात, अंगणात असले तरी फाटकात. ताईच्या खोलीत ते दिवसातून दहा वेळा डोकावायचे, पण दारातूनच. "झालंच आता," एवढं म्हणायचे आणि वळायचे. तिचं उत्तर ओठांवर येईपर्यंत दारात कोणी नसायचं.

गवंडी मात्र चांगला मिळाला. पन्नाशीचा, बुटका, खिशात कायम पेन्सिलीचा तुकडा. काहीही सांगितलं की म्हणायचा, "हरकत नाही." भिंत अर्धी वीत सरकवा, हरकत नाही. उद्या सुट्टी घेऊ नका, हरकत नाही. आमच्या घरात त्याचं नावच 'हरकत नाही' पडलं. ताई दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हसली ती त्याच्या नावावरून.

खड्डा पाच फूट गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी पाणी. भावोजींना तर घबाड मिळाल्यासारखं झालं. काठी घेऊन ते खड्ड्यात उतरले, चारी कोपऱ्यांत कान लावून वर आले आणि म्हणाले, "पाइपाचं नाही. जमिनीचं पाणी आहे, वरच्या चढावरून झिरपतंय."

गवंड्यानं डोकं खाजवलं. "मग साहेब, तळाला एक झडप बसवावी लागेल."

"कशाला?"

"टाकी भरलेली असली की काही नाही. पण कधी रिकामी केलीत आणि खाली पाणी साचलं, तर ते पाणी टाकीला वर ढकलतं. झडप असली की खालचं पाणी आपसूक आत येतं आणि टाकी जागेवर बसून राहते." तो तलावाला शेवटपर्यंत टाकीच म्हणाला.

"म्हणजे मी माझ्या हातानं तळाला भोक ठेवू?"

"भोक नाही साहेब, झडप आहे. आतलं पाणी बाहेर सोडत नाही."

"झडपा मी चौतीस वर्षं पाहिल्यात. आज सोडत नाही, उद्या सोडते."

"साहेब," गवंडी शांतपणे म्हणाला, "इथे मात्र हरकत आहे."

झडप बसली. भावोजी त्या दिवशी जेवले नाहीत.

पायऱ्यांची कथा वेगळीच. ताईचा डावा पाय किती उचलला जातो हे ते रोज संध्याकाळी मोजायचे. तिच्या पावलापुढे जुन्या वह्या रचायच्या, एकीवर एक, आणि म्हणायचं, "उचल." तीन वह्या जमल्या तर चौथी. चौथीला पाय अडखळला की ते खिशातून टेप काढायचे. त्या मापानं पहिल्या पायऱ्या झाल्या. काँक्रीट सुकल्यावर त्यांनी स्वतः डावा पाय ओढत, रिकाम्या तलावात ताईसारखं उतरून पाहिलं आणि वर येऊन गवंड्याला म्हणाले, "फोडा. उंच आहेत." दुसऱ्यांदा केल्या, त्या अरुंद निघाल्या. दोन्ही पावलं शेजारी मावत नव्हती. त्याही फोडल्या. तिसऱ्या वेळेला पायऱ्या जमल्या, पण तोवर कॅलेंडरची तीन पानं उलटली होती.

मी बोललो त्यांना. "भावोजी, पायरी दोन बोटं उंच असली तर आम्ही धरू ना तिला."

"धरायला लागता कामा नये," ते म्हणाले. "पुन्हा कुणी तिला धरून काढायचं नाही."

माझाही आवाज त्या शिडीपाशीच बसला होता.

गिलाव्याच्या वेळची एक दुपार मला अजून खुपते. गवंडी जेवायला गेला होता. मी परसात गेलो तर भावोजी तलावाच्या तळाशी उकिडवे बसून थापी चालवत होते. "काय करताय?" मी विचारलं. "फट बुजवतोय," म्हणाले. मान वर केली नाही. मी दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढतो, पण समोर चाललेलं मला दिसलं नाही. फट असेल, म्हटलं. माणूस घरचंच काम करतोय, करू दे. त्यावर दोन दिवसांत फरशा बसल्या आणि विषय बुजला.

पाचवा महिना संपत आला तेव्हा तलाव भरला. लांबी वीस फूट, रुंदी दहा, आणि खोल टोकाला पाणी ताईच्या छातीपर्यंत. निळ्या फरशा, बुटक्या रुंद पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा. लिंबाच्या झाडाची सावली दुपारी नेमकी पायऱ्यांवर पडायची. मला वाटलं, झालं. ताईलाही वाटलं असणार, कारण तिनं माझ्या बायकोकडून पाण्यात घालायला सैल पायजमा आणि सदरा शिवून घेतला. सोमवारी सकाळी फिजिओथेरपिस्ट येणार होती, म्हणून मीही ते एक-दोन दिवस दुकान उशिरा उघडायचं ठरवलं.

रविवारी भावोजींनी पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीनं खूण केली. सोमवारी सकाळी पाणी खुणेच्या अर्धं बोट खाली.

"गळतोय," ते म्हणाले.

"काका, ऊन आहे, वारा आहे. वाफ होते पाण्याची," ती मुलगी म्हणाली.

"गळतोय."

गवंड्याला बोलावलं. त्यानं एक बादली भरून पायरीवर ठेवली, बादलीत एक खूण, तलावाला एक खूण. "उद्या बघा. दोन्ही सारखं उतरलं तर वाफ. टाकी जास्त उतरली तर गळती." दुसऱ्या दिवशी दोन्ही पाणी सारखंच उतरलं होतं. भावोजी गुडघ्यावर बसले, चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले बादलीतलं केसभर कमी उतरलंय. तो चष्मा मीच दिलेला, त्यातून असा केस दिसत नाही. मग त्यांनी काठी आणली. काठाच्या चारी बाजूंनी टेकवून, डोळे मिटून ऐकत राहिले. खोल टोकापाशी आले आणि थबकले.

"ऐकू येतंय. बारीक आहे, पण आहे."

"पाणी गाळायच्या मोटारीचा आवाज असेल," मी म्हटलं.

"मेहुणे, मला मोटार आणि गळती यांतला फरक शिकवू नका."

त्या सकाळी ताई मागच्या दारात खुर्चीत बसली होती. नवा सदरा घातलेला, केस वर बांधलेले. भावोजींनी पंप लावला. पाणी पाइपातून बाहेरच्या गटारात धो धो जायला लागलं. तलाव रिकामा व्हायला संध्याकाळ झाली असेल, पण ताई पहिल्या पायरीवरचं पाणी उतरेपर्यंत बघत बसली. मग तिनं मांडीवरच्या टॉवेलची एका हातानं, चुकत चुकत, चौघडी केली आणि मला म्हणाली, "आत... ने."

मला इतका संताप आला होता की भावोजींना धरून हलवावंसं वाटलं. पण धरणार कुणाला? ते तोवर उघड्या पडलेल्या पहिल्या पायरीवर बसून एकेक फरशी वाजवायला लागले होते.

त्याच दिवशी दुपारी पाऊस आला आणि तीन दिवस थांबला नाही. भावोजी साचेल ते पाणी पंपानं काढत, छत्री घेऊन तलावात बसायचे आणि सांध्यांवरून बोट फिरवायचे. गळती सापडत नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा काठी लावली, तेव्हा म्हणे खालून पाण्याचा आवाज येत होता, सगळीकडून. गळती शोधणाऱ्या माणसाला ही तर खूणच. ते आणखी जोमानं शोधायला लागले.

चौथ्या दिवशी मी दुकान उघडत होतो. भावोजी समोर येऊन उभे राहिले. पायात चपला नव्हत्या.

"काय झालं? ताई?"

त्यांनी मान हलवली आणि वळून चालू लागले. मी मागोमाग गेलो.

तलाव वर आला होता. अख्खाच्या अख्खा. खोल टोक जमिनीतून वीतभर उचललं गेलं होतं, काठावरच्या फरशा उलथून पडल्या होत्या आणि पाइप मुरगळून तुटला होता. पायऱ्यांकडची बाजू तेवढी दोनच बोटं उचलली होती. सगळं काम एका अंगाला कललेलं. लिंबाचं झाड सरळ होतं म्हणून ते कललेपण जास्तच दिसत होतं.

गवंडी आला. तळाशी उतरला, हातोडीच्या दांड्यानं फरशा वाजवत गेला आणि एका जागी थांबला.

"इथे झडप होती."

"मी बुजवली," भावोजी म्हणाले. "गिलाव्याच्या वेळी. तुम्ही जेवायला गेला होतात."

गवंड्यानं त्यांच्याकडे पाहिलं. त्याला रागवायचा पुरेपूर हक्क होता, पण तो रागावला नाही. त्यानं चारी भिंतींवरून हात फिरवला, कोपरे पाहिले, बराच वेळ लावला. मग म्हणाला, "साहेब, एक सांगू? कुठे चीर नाही. तुमची टाकी गळत असती तर वर आलीच नसती. पाणी आत आलं असतं आणि जागेवर राहिली असती. एक थेंब गळत नव्हता, म्हणून होडीसारखी तरंगली."

भावोजी आत गेले आणि खुर्चीत बसले. नीट, पाठ टेकून. मी चहा दिला, तो त्यांनी पूर्ण प्यायला. कप हातात धरून बसून राहिले. इतक्या वर्षांत मी या माणसाला शांत बसा, शांत बसा म्हणून विनवलं असेल, आणि आता ते बसले तर मला ते बघवेना. मी उगाच उठून नळ बघून आलो.

दोन दिवस ते तसेच होते. तिसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो तर पुन्हा उभे! अंगात सदरा, खिशात टेप, आणि ताईच्या खोलीत, पलंगापाशी, नकाशाचा नवा कागद पसरलेला. गवंडीही दारात उभा होता. मला बघून त्यांना जोर आला.

"पाडायचा. सगळा. तळापासून नव्यानं. यावेळी झडपा दोन ठेवतो, तीन ठेवतो. खालून पाणी जायला चर काढतो. तीन महिने, फार तर साडेतीन."

"पाडायची गरज नाही साहेब," गवंडी म्हणाला. "झडप मोकळी करतो, पाइप जोडतो, काठ बांधून घेतो. आठ दिवसांत पाणी भरू. थोडी वाकडी राहील एवढंच. भक्कम आहे."

"वाकडं काम मी ठेवणार नाही."

"पायऱ्या तर जागच्या जागी आहेत—"

"पाण्याची रेष बघाल तेव्हा कळेल! एका टोकाला फरशी बुडलेली आणि दुसऱ्या टोकाला वीतभर उघडी. रोज डोळ्यांसमोर. नाही. पाडायचा."

"पाडू नका," ताई म्हणाली.

ती एवढ्या हळू बोलली की भावोजी टेप उघडतच होते. ती पुन्हा म्हणाली आणि उजव्या हातानं पलंगाच्या कडेवर थापटी मारली. तेव्हा ते वळले.

"सहा महिने," ताई म्हणाली. तिनं कॅलेंडरकडे बोट केलं. तांबड्या वर्तुळाला तीन आठवडे उरले होते. "ते माझे... आहेत. तुमच्या खड्ड्याचे... नाहीत."

"अगं पण तुझ्यासाठीच तर—"

"थांबा. मला वेळ लागतो. थांबा."

ते थांबले. मी पहिल्यांदाच पाहिलं, की तिला एक वाक्य पुरं करायला किती वेळ लागतो आणि तेवढा वेळ आमच्यापैकी कुणी तिला दिलाच नव्हता. मी तरी कुठे दिला होता? मीही तिची वाक्यं पुरी करून मोकळा व्हायचो.

"तलाव झाला... आणि मी तरी चालले नाही... तर?" ती म्हणाली. "त्याला घाबरता तुम्ही. म्हणून संपवत नाही. पायऱ्या फोडता... पाणी सोडता. मला ठाऊक आहे." तिनं श्वास घेतला. "मीही घाबरते. पण मला... बघायचंय."

गवंडी दारातून बाहेर सरकला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण भावोजींचा चेहरा मला बघायचा नव्हता. टेप आत ओढला गेल्याचा खट्ट आवाज आला. मग ते म्हणाले, "आठ दिवस म्हणाला ना तो?"

"हो."

"तू रोज चार वह्या चढतेस. पाचवी जमेल."

"जमेल नाहीतर... नाही जमणार," ताई म्हणाली.

गवंड्यानं सहा दिवसांत काम उरकलं. बुजवलेली झडप फोडली तेव्हा खालचं पाणी उसळून आत आलं आणि तलाव बोटभर खाली बसला, तेवढीच काय ती सुधारणा. पाणी भरल्यावर भावोजींनी सांगितलं होतं तसंच झालं. पाणी आपलं सपाट, आणि निळ्या फरशांच्या ओळी त्यातून तिरक्या निघालेल्या. बघणाऱ्याला वाटावं, आपल्याच चष्म्यात काही बिघाड आहे.

त्या सकाळी मी दुकान उघडलंच नाही. फिजिओथेरपिस्ट पाण्यात उभी होती. ताई कठड्याला धरून पहिल्या पायरीवर आली. उजवा पाय खाली, मग डावा त्याच्या शेजारी. दोन्ही पावलं मावली. दुसरी पायरी. तिसरी. कुणी तिला धरलं नाही, धरायची वेळच आली नाही. त्या पायऱ्यांसाठी मी भावोजींना जे जे बोललो होतो ते मनातल्या मनात परत घेतलं.

शेवटच्या पायरीवर कठडा संपत होता. ताई तिथे थांबली आणि तिनं उजवा हात काठाकडे पुढे केला. काठावर भावोजी उभे होते. त्यांना पोहता येत नाही. आयुष्य पाण्याच्या मागे धावण्यात गेलं, पण पाण्यात ते कधी उतरले नव्हते. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि होते तसे उतरले. विजार, सदरा, कानावर पेन्सिल. टेप खिशातच होता.

त्यांनी तिचे दोन्ही हात धरले आणि ते उलटे मागे चालू लागले. ती पुढे. पाण्यात तिचा डावा पाय गुडघ्यातून वाकला, वर आला आणि पुढे पडला. पाच महिन्यांत जमिनीवर तो असा वाकला नव्हता. "छान काकू, अजून," ती मुलगी म्हणाली. भावोजींची नजर मात्र एकदा डावीकडच्या तिरक्या रेषेवर जायची आणि एकदा उजवीकडच्या.

"इकडे बघा," ताई म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"आता... हात सोडा."

"नको. अजून दोन फेऱ्या होऊ दे. मग आपण—"

"अहो. सोडा."

मला वाटलं हे आता काहीतरी काढणार. हाताची पकड बघू, पाण्याची खोली मोजू, उद्या बघू. त्यांचे ओठ हललेही. पण मग त्यांनी हात सोडले. ताई डगमगली. तिचा डावा हात पाण्यावर नुसता तरंगत होता. फिजिओथेरपिस्ट पुढे झाली, ताईनं मानेनंच नाही म्हटलं. मग उजवा पाय, मग डावा. पुन्हा उजवा. डाव्याला वेळ लागला, खूप वेळ लागला, आणि आम्ही तिघंही थांबलो.

चार पावलं झाली. पाचवं टाकताना ती भावोजींच्या छातीवर आदळली, कारण ते हात सोडल्या जागेवरून हललेच नव्हते.